कॉमन प्लॉटच्या भिंतीपलीकडची मगर: बडोद्यातील एका सोसायटीचे प्रकरण

या प्रकरणातील सोसायटी, तेथील रहिवासी आणि शेजारचे रस्ते ओळखता येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय मात्र जसे होते तसेच ठेवले आहेत. मी त्या काळात प्राणिशास्त्र शिकवत होते आणि पुराच्या दिवसांत स्वयंसेवकांबरोबर मगरी पकडण्याच्या कामाला जात असे. त्यामुळे मी या प्रकरणात तटस्थ नव्हते आणि त्यातील एक मोठी चूक माझीच आहे.

पार्श्वभूमी

विश्वामित्री नदी पावागडच्या डोंगरातून निघते, बडोदा शहराच्या मधून असंख्य वळणे घेत जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळते. वरच्या अंगाला सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेले आजवा सरोवर आहे. नदीत, सरोवरात आणि नदीला मिळणाऱ्या कोतरांमध्ये (घळींमध्ये) व कांसांमध्ये (पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यांमध्ये) गोड्या पाण्यातील मगरींची मोठी वस्ती आहे. २०२५ च्या सुरुवातीला झालेल्या गणनेत शहरातील पट्ट्यात ४०० हून अधिक मगरी आढळल्या. काळ्या घोड्याच्या पुलावरून थंडीत खाली पाहिले, तर ऊन खात पडलेली मगर दिसली नाही असा दिवस विरळा. लाखो लोकांच्या शहरातून वाहणाऱ्या, सांडपाण्याने काळवंडलेल्या नदीत एवढी मोठी शिकारी जात टिकून राहावी, हे इतरत्र सहसा पाहायला मिळत नाही.

सोसायटी १९८० च्या दशकातील असून तिच्यात ४६ टेनामेंट (घरे) आहेत. निम्मी कुटुंबे बाबाजीपुरा आणि दांडिया बाजारातील वाडे सोडून येथे आलेली मराठी कुटुंबे आहेत, उरलेली गुजराती. मागच्या बाजूला कॉमन प्लॉट आहे. गणपती, गरबा, लग्नाचे मांडव आणि रोजचे क्रिकेट हे सगळे तेथेच होते. त्याच्या टोकाला सहा फुटी भिंत आहे, भिंतीच्या तळाशी पावसाचे पाणी बाहेर जाण्यासाठी जवळजवळ तीन फूट रुंद तोंड ठेवलेले आहे आणि त्यापलीकडे वेड्या बाभळींनी भरलेले कोतर. त्या कोतरातून एक कांस वाहते आणि ती पुढे नदीला मिळते. भिंत बांधताना या तोंडाला जाळी बसवावी असे कोणाला सुचले नाही.

ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात, जन्माष्टमीच्या सुमारास, शहरावरील पाऊस आणि आजव्याचे पाणी एकत्र आले आणि नदी ३७ फुटांच्या आसपास चढली. २७ ते २९ ऑगस्ट या तीन दिवसांत वनखात्याने व स्वयंसेवकांनी वस्तीतून २४ मगरी पकडल्या. सर्वांत लहान दोन फुटांची, सर्वांत मोठी चौदा फुटांची. या सोसायटीत पाणी ओसरल्यावर कॉमन प्लॉटच्या चिखलात सुमारे नऊ फुटांची एक मगर सापडली होती. तिच्या डोळ्यांवर ओले पोते टाकून जबडा बांधला आणि तिला नदीत परत सोडले. तो भाग सुरळीत पार पडला. पूर उतरला की मगरी आपल्या जागी परततात, हे सोसायटीतील जुन्या लोकांना ठाऊक होते. अडचण उभी राहिली ती त्यानंतर.

अडचण

नवरात्रात गरबा पाहायला आलेल्या मुलांना भिंतीच्या तोंडातून कांसेच्या पाण्यात मगर दिसली. त्यापूर्वी महिनाभरात सोसायटीतील दोन भटकी कुत्री नाहीशी झाली होती. कोजागिरीच्या कार्यक्रमात मला दहा मिनिटे बोलण्यास बोलावले होते. आटीव दूध हातात घेऊन बसलेल्या लोकांना मी सांगितले की गोड्या पाण्यातील मगर सहसा स्वतःहून माणसावर चालून येत नाही, धोका असतो तो पाण्यात उतरणाऱ्याला, कपडे धुणाऱ्याला, मासे पकडणाऱ्याला. तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. यातील प्रत्येक वाक्य बरोबर होते. तरीही ऐकणाऱ्यांनी त्याचा अर्थ ‘भिंतीपलीकडे गेले तरी चालेल’ असा घेतला, आणि तो अर्थ त्यांनी घ्यावा अशाच सुरात मी बोलले होते.

थंडी पडल्यावर मगर समोरच्या उतारावर ऊन खाण्यासाठी येऊ लागली. गच्च्यांवरून मोबाइलवर चित्रफिती काढल्या जाऊ लागल्या. रविवारी पाहुणे आले की त्यांना वर नेऊन मगर दाखवण्याची पद्धतच पडली. कोणीतरी भिंतीवरून कोंबडीचे तुकडे टाकले आणि ते पाहून इतरांनीही टाकले.

वासी उत्तरायणाच्या संध्याकाळी, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारीला, कटलेली पतंग आणण्यासाठी नऊ वर्षांचा एक मुलगा त्या तोंडातून पलीकडे गेला. सोसायटीतील तांबूस कुत्री त्याच्या मागोमाग गेली. मुलगा बाभळीच्या काट्यांत अडकलेला मांजा सोडवत असताना त्याच्यापासून दहा-बारा फुटांवर मगरीने त्या कुत्रीला पाण्यात ओढले. मुलाला ओरखडाही आला नाही. त्या रात्रीपासून मात्र तो एकटा झोपेना आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीने तातडीची सभा बोलावली.

सभेत मला पहिल्याच वाक्याला थांबवण्यात आले. मुलाची आई म्हणाली, “मॅडम, तुम्ही म्हणाला होतात ती माणसाजवळ येत नाही. माझा मुलगा माणूस नाही का?” या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर देता आले असते. मी ते दिले नाही. सभा संपली तेव्हा ४६ पैकी ४१ घरांच्या सह्यांचा अर्ज तयार होता आणि त्यात एकच मागणी होती: मगर येथून कायमची हलवावी.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय अर्जातलाच. पिंजरा लावून मगर पकडावी आणि दूर सोडावी. मगर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. माणसाच्या जिवाला धोका झालेल्या अशा प्राण्याला पकडण्याची परवानगी कलम ११ खाली मुख्य वन्यजीव संरक्षक देऊ शकतात, पण त्यासाठी कारण लेखी मांडावे लागते. परवानगी मिळणे अशक्य नव्हते. मला शंका होती ती उपयोगाबद्दल. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातील तीन मगरींना उपग्रह यंत्रे लावून दूर नेऊन सोडले होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तिन्ही मगरी आपल्या जागी परतल्याचे दिसले आणि त्यांपैकी एकीने त्यासाठी किनाऱ्याकिनाऱ्याने ४०० किलोमीटरहून अधिक अंतर कापले होते. आपली मगर निराळ्या जातीची, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा येथे लावता येत नाही. तरी मगरीला आपली जागा कळते, एवढे त्यातून घेता येते. शिवाय ४०० मगरींच्या नदीत एक जागा रिकामी केली, तर ती किती दिवस रिकामी राहील हाही प्रश्न होताच.

दुसरा पर्याय भिंतीचे तोंड बंद करण्याचा. हा सर्वांना पटणारा आणि स्वस्त होता, पण पावसाचे पाणी कोठून जाणार, याचा विचार त्या क्षणी कोणी केला नाही. मीही केला नाही.

तिसरा पर्याय माणसांनी आपले वागणे बदलण्याचा होता. त्यात कुत्र्यांना कोतराच्या कडेला खायला न घालणे, मुलांना तिन्हीसांजेनंतर मागे न सोडणे आणि खाणे फेकणे थांबवणे हे आले. सेक्रेटरी काका निवृत्त बँक अधिकारी. ते म्हणाले की सोसायटीत पार्किंगचा नियम पाळला जात नाही, तेथे हा कोण पाळणार? त्यांचे म्हणणे चूक नव्हते.

चौथा पर्याय सभेत मोठ्याने बोलला गेला नाही. नंतर फाटकाजवळ दोघातिघांनी माझ्या कानावर घातला. उतारावर मगरीचे बीळ दिसते आहे, त्यात एक ट्रॅक्टर डेब्रिज ओतले की काम झाले. मी त्यांना कायदा सांगितला. त्याचा परिणाम झाला असे वाटले नाही. एका गुजराती बेनने मात्र शांतपणे सांगितले, “ए तो खोडियार मातानुं वाहन छे” (ती तर खोडियार देवीचे वाहन आहे), आणि तो विषय तेथेच संपला.

सभेत चरोतरचे उदाहरणही निघाले. खेडा-आणंदकडच्या मलातज, देवा अशा गावांत लोक आणि मगरी एकाच तळ्यात वावरतात, मग आपल्याला काय धाड भरली, असे एका काकांचे म्हणणे. हे उदाहरण मोहक आहे आणि म्हणूनच जपून वापरावे. त्या तळ्यांचे काठ उघडे आहेत, मगर कोठे आहे ते दुरून दिसते, आणि कोणत्या काठाला कधी उतरायचे हे तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या शिकत आले आहेत. आमच्याकडे बाभळीचे रान, काळे पाणी आणि मुलांच्या उंचीचे एक भोक होते.

निर्णयाला वळण देणारी वही

अर्ज पुढे पाठवण्यापूर्वी मी पंधरा दिवस मागितले. लोकांनी ते नाखुशीनेच दिले. त्या पंधरा दिवसांतील दोन गोष्टींनी सगळा प्रश्न बदलला.

पहिली गोष्ट छायाचित्रांची. मगरीच्या शेपटीवरील उभ्या खवल्यांची रांग नीट पाहिली, तर कोठे खवला तुटलेला असतो, कोठे जखमेचा व्रण असतो, आणि त्यावरून एक मगर दुसरीपासून वेगळी ओळखता येते. गच्चीवरून अकरा दिवस काढलेली छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवल्यावर कळले की ‘आपली मगर’ म्हणून सगळे जिला ओळखत होते, त्या निदान तीन मगरी होत्या. त्यांपैकी एक जेमतेम पाच फुटांची होती. कुत्रीला ओढणारी यांतील कोणती, हे कोणालाच सांगता येईना. मगर हलवावी अशी मागणी करणाऱ्या अर्जात कोणती मगर, याचे उत्तर नव्हते.

दुसरी गोष्ट एका आजींची. त्या मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. गुडघ्यांमुळे दिवसभर मागच्या खिडकीशी बसून असत. नोव्हेंबरपासून त्या दुरेघी वहीत मगरीच्या वेळा लिहीत होत्या, आणि हे आम्हांला कोणालाच माहीत नव्हते. साडेदहाच्या सुमारास उतारावर येते, चारनंतर पाण्यात जाते, ढग असले तर येतच नाही. त्याच वहीत कुत्री नाहीशी झालेल्या संध्याकाळी तांबड्या शाईने नोंदल्या होत्या. नाहीशा झालेल्या पाच कुत्र्यांपैकी चार रविवारी रात्री किंवा सोमवारी गेली होती. आजींना त्याचे कारण माहीत नव्हते. कारण सापडले कोतराच्या दुसऱ्या टोकाला. तेथे चिकनची एक लारी, म्हणजे हातगाडी, उभी राहत असे. रविवारी तिचा धंदा सर्वांत जास्त आणि रात्री उरलेली हाडे, कातडी व आतडी थेट कांसेत जात. त्या वासावर कुत्री येत आणि कुत्र्यांच्या मागावर मगरी.

मला या सगळ्या प्रकरणातील कळीची गोष्ट हीच वाटते. तोवर आम्ही कोणत्या प्राण्याला हलवायचे याची चर्चा करत होतो. वहीने दाखवले की माणूस, कुत्रे आणि मगर एकत्र येतात ते ठरावीक जागी आणि ठरावीक वेळी, आणि ती जागा व ती वेळ आपल्या हातात आहे.

काय केले

फेब्रुवारीतील सभेत अर्ज बदलण्यात आला. हलवण्याची मागणी सरसकट काढून टाकली असती, तर सभा मोडली असती. म्हणून आम्ही तिला अटी जोडल्या: मगर भिंतीच्या आत आली, किंवा माणसे दिसूनही मागे सरकली नाही, किंवा लोकांच्या वाटेवर दिवसा पुन्हा पुन्हा दिसली, तर पिंजऱ्याची मागणी त्याच दिवशी करायची. हा मसुदा मुलाच्या आईने स्वतः वाचून दुरुस्त केला. ‘पुन्हा पुन्हा’ या शब्दावर तिचा आक्षेप होता. तेथे ‘दोनदा’ असे लिहिले. तिचा आक्षेप योग्यच होता.

लारीवाल्याशी सेक्रेटरी काका आणि दोन तरुण बोलले. भांडण झाले नाही. त्याने आठवडाभरात लारी तेथून हलवून पुलाजवळ नेली आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. याकडे पुढे परत यावे लागेल.

भिंतीच्या तोंडाला लोखंडी जाळी ठोकून बसवली. भिंतीच्या पायाला बाहेरून दगडांचा थर देण्याचेही ठरले आणि कंत्राटदाराला आगाऊ रक्कम दिली. मार्चमध्ये आजींच्या वहीत नवी नोंद आली: एक मगर उताराच्या वरच्या अंगाला रात्री माती उकरते आहे. या जातीची मादी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठाच्या मातीत खड्डा करून २५ ते ३० अंडी घालते, सुमारे दोन महिने राखण करते आणि पावसाच्या तोंडाशी पिलांचा आवाज ऐकून खड्डा उकरते. खड्डा भिंतीपासून साठ-सत्तर फुटांवर होता आणि दगडांच्या गाड्या नेमक्या त्यावरूनच जाणार होत्या.

सभेत येथे सर्वांत कडू चर्चा झाली. पावसाआधी काम झाले नाही तर पुन्हा पुराला सामोरे जायचे, आणि तेही आगाऊ पैसे देऊन? दुसऱ्या बाजूला, राखण करणाऱ्या मादीजवळ मजूर पाठवणे हा मजुरांच्याच जिवाशी खेळ होता. अंड्यांविषयीच्या कळवळ्यापेक्षा या मुद्द्याने सभा वळली. काम जूनपर्यंत पुढे ढकलले, उताराकडे जाणाऱ्या पायवाटेवर दोर आणि मराठी-गुजराती पाटी लावली. त्याच उन्हाळ्यात नदीचे पात्र खोल व रुंद करण्याचे मोठे काम सुरू होते. मुख्य काठ हलत असल्याने मगरी बाजूच्या कांसांकडे अधिक येत असाव्यात, असा माझा अंदाज आहे. त्याला माझ्याकडे एका खिडकीतील नोंदींपलीकडे पुरावा नाही.

काय निष्पन्न झाले

मेच्या शेवटच्या आठवड्यात आजींनी पहाटे बारीक चिरका आवाज ऐकल्याची नोंद केली. दोन दिवसांनी कांसेच्या कडेला वीतभर लांबीची पिले दिसली.

जूनच्या पहिल्या जोरदार पावसात आमची जाळी हरली. प्लास्टिकच्या पिशव्या, बाभळीची काटकी आणि गणपतीच्या मांडवाची जुनी कापडे तिच्यात अडकली आणि तासाभरात कॉमन प्लॉटवर गुडघाभर पाणी साचले. पार्किंगमधील स्कूटर बुडायला लागल्यावर तरुणांनी कटरने जाळी कापली. त्याच रात्री चार फुटांची एक मगर तोंडातून आत आली आणि तुळशी वृंदावनाच्या मागे जाऊन बसली. तिला पकडून सोडले. लेखी अटींप्रमाणे त्याच रात्री पिंजऱ्याची मागणी करायला हवी होती. सभेने ती दुसऱ्या दिवशी चर्चा करून टाळली, कारण मगर आत आली ती आपण कापलेल्या जाळीतून, हे सर्वांनी पाहिले होते. अट मोडली ती अशी सगळ्यांच्या संमतीने.

नंतर एका फॅब्रिकेटरने सुचवलेली रचना बसवली: उभ्या सळ्यांचे दार, वरच्या बाजूला बिजागरी, आणि ते फक्त बाहेरच्या दिशेने उघडणारे. आतून पाण्याचा जोर आला की दार कचऱ्यासकट बाहेर ढकलले जाते. बाहेरून पाणी चढले की ते चौकटीवर दाबून बसते. सळ्यांमध्ये चार इंचांचे अंतर आहे. त्यातून पिलू येऊ शकते, मोठी मगर येऊ शकत नाही. दर शनिवारी दार हलवून पाहण्याचे काम दोन मुलांना वाटून दिले, त्यांपैकी एक तो पतंगवाला मुलगा.

त्या पावसाळ्यात पुढे एकही मगर भिंतीच्या आत आली नाही आणि कोणाला इजा झाली नाही. दोन कुत्री गेली. खाणे फेकणे जवळजवळ थांबले, गच्चीवरची गर्दी मात्र थांबली नाही. तीन घरे अजूनही म्हणतात की मगर हलवायलाच हवी होती, आणि त्यांतील एका घरातील मुले कॉमन प्लॉटवर येत नाहीत. तो पावसाळा २०२४ सारखा नव्हता. त्या वर्षीइतके पाणी भिंतीवरून आले असते, तर दाराचा काही उपयोग नव्हता.

वेगळे काय करता आले असते

कोजागिरीच्या रात्री मी लोकांना निर्धास्त करण्याऐवजी जागा आणि वेळ सांगायला हवी होती: तोंडाच्या पलीकडे कोणी जायचे नाही, चार वाजल्यानंतर तर मुळीच नाही. भीती घालवणे हे माझे काम आहे, असे मी धरून चालले होते. खरे तर भीतीला योग्य ठिकाणी बसवायचे होते.

जाळी लावताना पावसाचा विचार करणारा एकही माणूस आमच्यात नव्हता, आणि सोसायटीच्या गटारांचे काम वर्षानुवर्षे पाहणाऱ्या मुकादमाला आम्ही विचारलेच नाही. तो नंतर हसून म्हणाला की त्याने पहिल्याच दिवशी ओळखले होते. वहीसुद्धा नोव्हेंबरपासून होती; आम्ही ती जानेवारीत पाहिली, कारण खिडकीतल्या आजींना विचारावे असे कोणाला वाटले नाही.

आणि लारी. तिचा कचरा रविवारी रात्री उचलला जाईल अशी व्यवस्था करणे अवघड होते, पण अशक्य नव्हते. त्यासाठी महिनाभर पाठपुरावा करावा लागला असता. आम्ही त्याऐवजी लारी हलवली. ऑक्टोबरमध्ये पुलापलीकडच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा मला फोन आला. त्यांच्याकडे तीन आठवड्यांत दोन कुत्री नाहीशी झाली होती आणि त्यांना ती मगर हलवून हवी होती. मी त्यांना विचारले, कोणत्या वारी गेली? त्यांनी आठवून सांगितले, बहुतेक रविवारच. पुढच्या शनिवारी आजींची वही घेऊन मी तिकडे गेले. या वेळी आधी लारीवाल्याकडे, मग सभेला.